14 महिन्यांचं बाळ, पाच वर्षांची लेक आणि पहाटे साडेचारचं पाणी, झोप कुठून काढायची?

पेठेतली_आई

नमस्कार सगळ्यांना, इथं पहिल्यांदाच लिहितेय, जरा लांबलचक होईल, सांभाळून घ्या.

मी कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहते, वय 32. मोठी लेक पाच वर्षांची, छोटा आत्ता 14 महिन्यांचा. घरात सासू-सासरे आहेत. मी शाहूपुरीत एका पतसंस्थेत कॅशला आहे, दहा ते साडेपाच, महिनाअखेरीला सात पण होतात. मिस्टर शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत, दर आठवड्याला शिफ्ट बदलते, फर्स्ट, सेकंड, नाइट.

रात्र कशी जाते ते सांगते. पोरं झोपेपर्यंत साडेदहा. मग ओटा, भांडी, सकाळच्या डब्याची भाजी निवडून ठेवणं, साडेअकरा. अंथरुणावर पडलं की अर्धा तास मोबाईल, चूक आहे माहितेय पण दिवसभरात तेवढाच वेळ माझा असतो. सेकंड शिफ्ट असली की हे साडेबाराला येतात, मग परत उठून ताट वाढायचं. एकला बाळ उठतो, पावणेतीनला उठतो, चारला उठतो, प्रत्येक वेळी अंगावर घेतल्याशिवाय गप्प होत नाही. आणि साडेचारला पाणी सुटतं. पिंप, दोन बॅरल, घागरी भरेपर्यंत सव्वापाच, मग परत पडण्यात काही अर्थ नसतो, पावणेसहाला कणीक मळायला घ्यायचीच असते. सगळं मिळून चार तास होत असतील आणि तेही तुकड्यातुकड्यात.

हे असं वर्षभर चाललंय आणि मी म्हणत होते की सगळ्याच आयांचं असंच असतं. पण मागच्या मंगळवारी लेकीला शाळेत सोडायला निघाले होते, दाभोळकर कॉर्नरला सिग्नल लागला म्हणून थांबले. पुढचं मला आठवत नाही. लेकीनं मागून माझ्या दंडाला चिमटा काढला आणि म्हणाली, मम्मी हिरवा झाला की. मागचे हॉर्न वाजवत होते आणि मला एकही हॉर्न ऐकू आला नव्हता. डोळे उघडे होते माझे, पाय जमिनीवर टेकलेले होते, हाताखाली गाडी चालू होती. तिला शाळेत सोडून मी गेटच्या बाहेर गाडी लावून दहा मिनिटं नुसती रडले. आपण थांबलेलो होतो म्हणून बरं, चालत्या गाडीवर झालं असतं तर?

तर ज्यांनी यातून मार्ग काढलाय त्यांनी सांगा, सलग झोप मिळावी म्हणून नक्की काय केलंत? बाळ झोपलं की तू झोप असं कृपा करून सांगू नका, बाळ झोपतं तेव्हा मी काउंटरला असते. सासूबाई चांगल्या आहेत, दिवसभर बाळाला त्याच बघतात, गुडघे धरलेत त्यांचे, त्यामुळं रात्री पण उठा म्हणायला माझं तोंड होत नाही.

---

बावड्याची_वैनी

वाचून पोटात खड्डा पडला गं. माझी पोरं आता नऊ आणि सहा वर्षांची आहेत, पण छोटीच्या वेळी माझं सेम असंच झालं होतं, गॅसवर दूध ठेवलं आणि तिथंच ओट्याला टेकून उभ्या उभ्या डोळा लागला, भांडं करपून धूर झाला तेव्हा जाग आली.

स्पष्ट सांगते. हळदीचं दूध, पायाला तेल, खोलीत अंधार हे सगळं मी करून बघितलं, चांगलंच आहे ते, पण त्यानं मला झोप मिळाली नाही कारण मला झोप लागत नव्हती असं नव्हतंच, मला कुणी झोपू देत नव्हतं. तुझंही तेच दिसतंय. तू पडल्या पडल्या झोपत असशील बघ. म्हणजे प्रश्न झोपेचा नाही, रात्रीची कामं कुणाच्या वाट्याला आलीत हा आहे. एक बाळ, तीन वेळा उठणं, एक पाणी, एक उशिराचं ताट, सकाळचे डबे, आणि हे सगळं एकाच माणसाकडं. घरात मोठी माणसं चार आहेत.

आम्ही रात्र वाटून घेतली. साडेनऊ ते दोन मिस्टर, दोनच्या पुढं मी. पहिल्या रात्री मी आतल्या खोलीत दार लावून झोपले आणि बाहेर ती रडतेय ऐकून मीच उशीत तोंड खुपसून रडले, दोनदा उठून कडीला हात लावला. मिस्टरांनी तिला खांद्यावर घेऊन पाऊण तास फेऱ्या मारल्या. दुसऱ्या रात्री अर्धा तास, असं करत करत आठवडाभरात ती त्यांच्याकडं दहा मिनिटांत झोपायला लागली. आईचा वास आला की मूल पाजच म्हणतं, बाबाकडं ते मागत नाही.

आणि जेवणं आठला उरका. आमच्या सासूबाईंचं होतं की रात्री उष्टी भांडी ठेवायची नाहीत, बरोबर आहे त्यांचं, मग आम्ही जेवणंच अलीकडं ओढली, पावणेनऊला ओटा कोरडा. सेकंड शिफ्टच्या माणसाचं ताट झाकून ठेव, डाळ गरम करता येते त्यांना. नसेल येत तर येईल.

---

गोठ्यातली_आक्का

(आई सांगतेय, मी टाइप करतेय, ती बोलतेय तसंच लिहितेय)

पोरी, मी कागलच्या बाजूची. आमच्या तीन म्हशी हाईत. मी 28 वर्षं झाली पहाटं चारला उठतो. शेणघाण काढायची, वैरण टाकायची, धारा काढायच्या आन् सहाच्या आत संस्थेत दूध घालायचं. ह्यात माझी तीन पोरं मोठी झाली. मग मी झोपलो कवा म्हनशील तर मी साडेआठला झोपतो. आजबी. दिवा लावला, भाकरी खाल्ली, की संपलं. तुमच्या शहरात साडेदहाला पोरं झोपत्यात हे मला पटत न्हाई बघ. पाच वर्षांची लेक साडेदहापतुर जागी ठिवायची आन् सकाळी शाळंला उठवायची, तिची तरी झोप हुती का?

दुसऱ्या लेकराच्या वक्ताला मीबी तुझ्यावानी केलं. सगळं माझं मीच करतो म्हणून बसलो. एकदा कासंखाली बसल्या जागी डोळा लागला, हात घट्ट आवळला असंल, म्हशीनं लाथ मारली, बादली गेली आन् माझ्या मनगटाचं हाड मोडलं. दीड महिना हात गळ्यात. तवा जावंनं सकाळच्या धारा घेतल्या आन् मी संध्याकाळच्या घ्यायला लागलो हात बरा झाल्यावर. ती म्हणाली, आक्का, आधीच म्हणाली असतीस तर मी घेतल्या असत्या की. मी म्हणालोच नव्हतो कधी.

तू पण म्हण. सासूला म्हण. नुसतं मनात ठिवून कुणाला कळतंय.

हंगामात उसाचे ट्रॅक्टर रातभर टेप लावून जात्यात, तवा मी कानात कापसाचा बोळा घालतो. त्येवढंच.

---

रात्रपाळी_सिस्टर

मी स्टाफ नर्स आहे, नाइट ड्युटी आणि दोन मुलं, त्यामुळं दोन्ही बाजूंनी माहितेय.

आधी गाडीचं. सिग्नलला जे झालं ते हलक्यात घेऊ नका. डोळे उघडे असताना मेंदू काही सेकंद झोपतो, हे शरीर सांगून करत नाही. सलग 17 तास जागं राहिल्यावर माणसाची चपळाई रक्तात 0.05 टक्के दारू असल्यासारखी होते, आणि आपल्याकडं गाडी चालवायची कायद्यातली मर्यादा 0.03 टक्के आहे. तुम्ही साडेचारला उठता आणि रात्री साडेनऊला तुमचे 17 तास होतात, त्यात आधीची झोप पण अर्धवट. ज्या सकाळी डोकं जड वाटतंय, डोळ्यांची जळजळ होतेय, त्या दिवशी लेकीला रिक्षानं पाठवा किंवा सासऱ्यांबरोबर, तुम्ही स्वतः केएमटीच्या बसनं जा. पुढचं सगळं नंतर, हे उद्यापासून.

आता तपासण्या. हिमोग्लोबिन, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) आणि टीएसएच (थायरॉइडची तपासणी) करून घ्या. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या बायकांमध्ये 57 टक्के ॲनिमिक निघाल्या होत्या, बाईचं हिमोग्लोबिन 12 च्या खाली असलं की ॲनिमिया धरतात. दोन बाळंतपणं, अंगावर पाजणं, वर जेवणाबरोबर चहा, लोह कुठून राहणार अंगात. कमी लोहानं दमायला तर होतंच, पण रात्री पडलं की पाय वळवळतात, हलवल्याशिवाय चैन पडत नाही, असं होत असलं तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगा, बायका सांगतच नाहीत. थायरॉइड पण बाळंतपणानंतर वर्षभरात बिघडू शकतो.

बावड्याच्या ताईंनी जे सांगितलं ना, रात्रीचा पहिला भाग तुम्हाला द्यायचा, त्याला कारण आहे. झोपेची एक फेरी साधारण 90 मिनिटांची असते आणि गाढ झोप जास्त करून रात्रीच्या पहिल्या भागात येते. दर दीड तासाला उठवलं की आकडा सहा तासांचा भरला तरी अंग उतरल्यासारखं राहतं. मोठ्या माणसाला सात तास लागतात हे खरं, पण लगेच सात मिळणार नाहीत तुम्हाला, म्हणून आधी चार-साडेचार तास सलग कसे मिळतील ते बघा, उरलेले नंतर जोडा.

बाळाचं. दोन वर्षं आणि त्यापुढंही अंगावर पाजायला काहीच हरकत नाही, जागतिक आरोग्य संघटना तेच सांगते, कुणी बंद कर म्हणून मागं लागलं तर ऐकू नका. पण 14 महिन्यांचं मूल वरचं नीट खात असेल, वजन बरोबर असेल, तर रात्री तीनदा उठतं ते बहुतेक वेळा भुकेनं नाही, तुमच्या अंगावरच झोपायची सवय आहे म्हणून. तुमच्या बालरोगतज्ज्ञांना एकदा विचारा आणि मग मधलं एक पाजणं कमी करा, दोन दोन मिनिटांनी. सगळं एका रात्रीत तोडू नका, दूध साठून गाठी होतील, ताप येईल. संध्याकाळी सातला पोटभर भात-वरण तूप घालून, झोपायच्या आधी एकदा पाजणं, तेही झोप लागायच्या आत काढून घ्या.

आक्कांचं पण बरोबर आहे. एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसाची धरून 11 ते 14 तास आणि पाच वर्षांच्या मुलीला 10 ते 13 तास झोप लागते.

चहा शेवटचा दुपारी तीनला. त्यातलं कॅफिन निम्मं व्हायलाच पाच-एक तास जातात.

एकच गोष्ट विचारते, इथं उत्तर दिलं नाही तरी चालेल. बाळ झोपलंय, घर शांत आहे, तरी तुम्हाला झोप लागत नाही, सारखी धडधड, रडू, आपण आई म्हणून कमी पडतोय असं सतत मनात, असं होतंय का? होत असेल तर तो नुसता थकवा नाही, त्याला उपचार आहेत आणि ते लागू पडतात. 14416 हा सरकारच्या टेली-मानसचा, म्हणजे मानसिक त्रासासाठी फोनवर मदत देणाऱ्या सेवेचा नंबर आहे, दिवसरात्र चालू, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. मेडिकलमधून झोपेची गोळी मात्र अजिबात घेऊ नका, बाळ अंगावर पितंय.

---

शिरोली_सेकंड_शिफ्ट

मी पण एमआयडीसीतच आहे, शिफ्ट तीच, म्हणून लिहितोय. वहिनी, हे तुमच्या मिस्टरांना दाखवा.

शिफ्टचा माणूस म्हणतो मी दमून आलोय, खरं आहे, भट्टीसमोर आठ तास उभं राहणं सोपं नाही. मी पण तेच म्हणायचो. मग एकदा बायको चक्कर येऊन मोरीत पडली, डोक्याला चार टाके पडले, तेव्हा आम्ही दोघांनी बसून कॅलेंडरवर प्रत्येक आठवड्याचं वेगळं लिहिलं. कारण एकच नियम तिन्ही शिफ्टला चालत नाही.

सेकंड असली की मी साडेबाराला घरी येतो. येऊन लगेच झोप तशीही लागत नाही, मशीनचा आवाज डोक्यात असतो. मग तिथून पहाटेपर्यंत बाळ माझं, पाणी पण माझं, पाण्यानंतर मी पाचला झोपतो ते अकरापर्यंत. ती साडेनऊला पोरांबरोबरच झोपायची. ताट झाकलेलं असायचं. फर्स्ट असली की पहाटे पावणेसहाला मला उठायचं असतं, त्या आठवड्यात एकपर्यंतचं उठणं माझं आणि पुढचं तिचं, आणि साडेतीनला सुटून आलो की चारपासून पोरगं माझ्याकडं, म्हणजे आईला पण विश्रांती. नाइटचा आठवडा वाईटच जातो, तेव्हा ती एकटी पडते. त्या आठवड्यात मी सकाळी आठला आलो की मुलीची वेणी, डबा, शाळा करून मगच झोपतो.

पाण्याचं तर त्याहून सोपं आहे. बॅरल आणि घागरी कशाला भरत बसता? आम्ही 500 लिटरची टाकी मोरीला लागून जमिनीलगतच बसवली, प्रेशर कमी असतं त्यामुळं माळ्यावर चढत नाही पाणी, आणि आत फ्लोटचा कॉक बसवला. रात्री नळ सोडूनच ठेवायचा, पाणी सुटलं की भरतं, भरलं की आपोआप बंद. प्लंबरसकट साडेतीन हजार गेले आमचे. प्यायच्या पाण्याची एक घागर तेवढी कुणीतरी उठून भरायची.

---

एकटी_पण_खंबीर

सगळ्यांचं वाचलं, चांगलं आहे, पण ज्यांच्याकडं वाटून घ्यायला कुणी नाही त्यांचं काय? माझे मिस्टर पुण्यात, महिन्यातून दोनदा येतात, मी राजारामपुरीत मुलाबरोबर एकटी, तो तीन वर्षांचा आहे. तक्रार म्हणून नाही लिहीत, माझ्यासारखी कुणी वाचत असेल म्हणून लिहितेय.

मी दोनच गोष्टी केल्या. एक म्हणजे त्याच्याबरोबर नऊला झोपते आणि जी कामं रात्री करायचे ती साडेचारला उठून करते, तेव्हा मोबाईलवर कुणाचा मेसेज नसतो, दारावर कुणी नसतं, तासाभरात रात्रीच्या दोन तासांचं काम होतं. मोबाईल स्वयंपाकघरात चार्जिंगला, अलार्मला साधं घड्याळ. पहिले चार-पाच दिवस मला खूप रिकामं वाटलं, माझा स्वतःचा वेळ गेला म्हणून. पण पेठेतल्या ताई, तो अर्धा तास तुमचा नसतोच हो, आपण तेव्हा इतक्या थकलेल्या असतो की काय बघितलं ते पण सकाळी आठवत नाही. माझा वेळ आता रविवारी सकाळी रंकाळ्यावर, मुलगा शेजारच्या काकूंकडं, मी एकटी तासभर.

दुसरं म्हणजे चपात्यांना मावशी लावल्या. पगारातनं जातात पैसे, पण मी साडी घेतली नाही दिवाळीला आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

---

पेठेतली_आई

तीन आठवड्यांनी लिहितेय, उशीर झाला, पण तुम्ही सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंत की नुसतं थँक्यू म्हणून जायचं नव्हतं, करून मग सांगायचं होतं.

तपासण्या केल्या. हिमोग्लोबिन 9.6 निघालं, फेरिटिन पण खूपच कमी. थायरॉइड नॉर्मल. लोहाच्या गोळ्या चालू आहेत. सिस्टर, पायांचं तुम्ही लिहिलंत ते वाचून मी थक्क झाले, मला होत होतं तसं रोज, मी आपलं काउंटरला बसून बसून होत असेल म्हणायचे. आणि शेवटचं जे विचारलंत त्याचं उत्तर, नाही, मला टेकलं की झोप लागते, पण विचारलंत त्याबद्दल खरंच बरं वाटलं.

मिस्टरांना शिरोलीच्या दादांचं वाचायला दिलं. काही बोलले नाहीत, दुसऱ्या दिवशी कॅलेंडर काढून भिंतीवरून खाली घेऊन आले. सिग्नलचं मी त्यांना तोपर्यंत सांगितलंच नव्हतं, ते त्यांनी इथं वाचलं. बराच वेळ नुसते लेकीकडं बघत बसले होते.

पाण्याचं काय झालं ते सांगायलाच हवं. टाकी बसवायची म्हणून मी घाबरत घाबरत सासूबाईंकडं विषय काढला, पाण्याला उठणं जमेना झालंय म्हटलं. त्या म्हणाल्या, अगं मला चारलाच जाग येते गेली दहा वर्षं, गुडघ्यामुळं झोपच येत नाही पुढं, मी जागी पडून तुझा घागरींचा आवाज ऐकत असते, मला वाटायचं तुला मी मध्ये आलेलं आवडत नाही. आक्का, तुमची जाऊ आठवली मला. दोघी एकाच घरात जाग्या होतो आणि दोघी गप्प होतो. आता टाकी बसवलीय, खालची, आणि प्यायची घागर त्या ओट्यावरूनच नळीनं भरतात, वाकायला लागत नाही.

पोरं आता सव्वानऊला झोपतात, लेकीला सकाळी हाका मारायला लागत नाहीत. बाळाचं पावणेतीनचं उठणं सुटलं, त्याला नऊ रात्री लागल्या, त्यातल्या तिसऱ्या आणि चौथ्या फार वाईट होत्या. पहाटेचं अजून आहे, ते मी राहू दिलंय, मलाच ते आवडतं. नाइटचा आठवडा अजून जमलेला नाही, मागच्या वेळी परत चार तासांवर आले होते, त्या दिवसांत गाडी काढलीच नाही, सासरे लेकीला चालत सोडून आले.

पण गेल्या शुक्रवारी मी साडेनऊला झोपले आणि जाग आली तेव्हा घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं झाली होती, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मला स्वप्न पडलेलं आठवत होतं.

सिस्टर, एक शंका, गोळीनं पोटात मळमळतं आणि शी काळी होतेय, चालू ठेवू ना?

---

रात्रपाळी_सिस्टर

काळी होणारच, घाबरू नका. रिकाम्या पोटी सोसत नसेल तर थोडं खाऊन घ्या, वर लिंबूपाणी, आणि चहा-दूध दोन्ही बाजूंनी तासभर लांब. तरीही मळमळलं तर स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना विचारा, ते एक दिवसाआड करून देतील किंवा गोळी बदलतील. डॉक्टर सांगतील तेव्हा परत हिमोग्लोबिन करा, आणि किती आलं ते इथं नक्की लिहा.